शिट्टी पोलिसाची, काटा खात्याचा

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या, म्हणजे ट्रिप्लिकेनच्या, पार्थसारथी मंदिराचा रथ चित्तिरै महिन्यातल्या ब्रह्मोत्सवात बाहेर पडतो, तेव्हा त्याला इंजिन नसते, नंबरपाटी नसते, परवानाही नसतो. दोरखंडाला लागलेले असंख्य हात असतात आणि चाकाखाली लाकडी पाचर सारून रथ वळवणारी, थोपवणारी मोजकी जाणती माणसे असतात. जळगावच्या श्रीराम रथाला मोगरी लावणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे काम समजावून सांगायला नको. देवळाभोवतीचे माड रस्ते त्या दिवशी मोकळे करून घ्यावे लागतात, वरच्या विजेच्या तारांची काळजी घ्यावी लागते. तंजावरजवळच्या कळिमेडू गावात २०२२च्या एप्रिलमध्ये रथ तारेला लागून ११ माणसे गेली, त्यानंतर ती काळजी अधिकच वाढली. मार्ग, वेळ, गर्दी, तारा हे सगळे पोलीस पाहतात. रथाचे वजन मात्र कोणी विचारत नाही.

विचारायची सोयच नाही. याच राज्यातल्या तिरुवारूरचा रथ ९६ फूट उंच आणि सुमारे ३०० टन वजनाचा सांगतात. त्याला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने पोलादी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. पण मोटार वाहन कायद्याच्या लेखी यांत्रिक शक्तीने चालते तेच वाहन. माणसांनी ओढलेले ३०० टन त्या कायद्याच्या हिशेबात शून्य.

रथाची गोष्ट वर्षातल्या एका दिवसाची. उरलेल्या दिवसांत भारती सालैवरून आणि ट्रिप्लिकेन हाय रोडवरून जे ओझे वाहते, ते वाळूचे, सिमेंटचे, पाण्याच्या टँकरचे, झाम बाजारातल्या भाजीचे असते. या वस्तीवर पोलीस ठाण्यांची उणीव नाही: डी-१ तिरुवल्लिकेणी, डी-३ आइस हाउस, डी-४ झाम बाजार, डी-५ मरीना. यांपैकी कोणत्याही ठाण्याचा उपनिरीक्षक कमानी बसलेला, डोळ्यांदेखत जास्त भरलेला ट्रक शिट्टी मारून थांबवू शकतो. त्याला काट्यावर नेण्याचा हुकूम मात्र तो मोटार वाहन कायद्याखाली देऊ शकत नाही. हे असे का झाले, याचा इतिहास तीनशे वर्षांहून जुना आहे आणि त्यात सरकारी विसराळूपणापेक्षा हेतू जास्त आहे.

गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडून इंग्रजांनी तिरुवल्लिकेणी गाव मक्त्याने घेतले ते १६७६ साली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर होते आणि मे १६७७मध्ये त्यांच्याकडून सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांकडे काही औषधांची आणि विषावरच्या उताऱ्यांची मागणी आली होती. त्या काळच्या मद्रासमध्ये पगारी पोलीस नव्हते. राखण होती पेद्दनायकाकडे. आपल्याकडच्या रामोशी-जागल्यांसारखी ही वतनी व्यवस्था होती: चोरी झाली तर माल शोधून द्यायचा, नाहीतर भरपाई करायची. त्याच्या मोबदल्यात नायकाला मिळे तो शहरात येणाऱ्या तांदूळ, मासे, तेल, सुपारी अशा मालावरचा लहानसा हक्क. म्हणजे शहराचा राखणदार ओझ्याकडे पाहत होता ते रस्ता खचेल म्हणून नाही, तर आपला वाटा किती या नजरेने. ओझे जितके जास्त तितके त्याचे भले.

पेशवाईतल्या पुण्याच्या कोतवालाकडे बाजारभाव, वजने-मापे आणि रात्रीची गस्त अशी तिन्ही कामे एकत्र होती, घाशीरामाच्या आधीही आणि नंतरही. मद्रासमध्येही अठराव्या शतकात पोलीस म्हणजे बाजार, गटारे, रस्ते आणि चोर यांचा एकच कारभार समजला जाई. १७७८ साली मद्रासला आलेल्या स्टीफन पॉपहॅम या वकिलाने शहरासाठी पोलीस व्यवस्थेचा जो आराखडा मांडला, त्यातही गटारे आणि रस्त्यांची नावे होती. त्याच्या नावाचा ब्रॉडवे आजही जॉर्जटाउनात आहे. १८०६ साली पेद्दनायकाची राखण मोडली आणि पगारी पोलीस आले. पुढच्या पन्नास वर्षांत बाजार महसुलाकडे गेला, गटारे पालिकेकडे गेली आणि पोलिसांच्या हाती माणसे उरली.

१८५६ साली मद्रासला पोलीस आयुक्त मिळाला आणि १८८८ साली मद्रास शहर पोलीस कायदा झाला. नाव बदलून तो आजही लागू आहे. या कायद्याचे ४१वे कलम चेन्नईतल्या प्रत्येक पक्ष-कार्यकर्त्याला तोंडपाठ असते, कारण सभा आणि मिरवणुका यांना बंदी घालण्याचा किंवा नियम घालून देण्याचा आयुक्तांचा अधिकार त्यात आहे. तिरुवल्लिकेणीला या कलमाची सवय फार जुनी. पायक्रॉफ्ट्स रोड जिथे समुद्राला भिडतो तिथला वाळूचा पट्टा स्वातंत्र्यचळवळीत सभांचे मैदान होता आणि त्याला नाव होते तिलक घाट. सुरतेच्या १९०७च्या काँग्रेसमध्ये टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले कवी सुब्रह्मण्य भारती याच वस्तीत तुळसिंग पेरुमाळ कोविल रस्त्यावर राहत. पायक्रॉफ्ट्स रोडला आज त्यांचेच नाव आहे.

भारतींचा शेवटही याच रस्त्यांशी बांधलेला आहे. देवळाच्या ज्या हत्तिणीला ते नेहमी खाऊ घालत, तिने १९२१ साली त्यांना सोंडेने खाली पाडले. त्यातून उठले तरी प्रकृती सावरली नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. अवजड देह आणि दाटीची गल्ली यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न या वस्तीत मोटारी रुळण्याच्या आधीपासून आहे.

तरीही एकोणिसाव्या शतकात तिरुवल्लिकेणीच्या रस्त्यांवर फार मोठे ओझे येत नव्हते, कारण ते पाण्यावरून जात होते. १८७७-७८च्या भीषण दुष्काळात रोजगार हमीसारखे काम म्हणून कूवम आणि अड्यार या नद्या जोडणारा कालवा खोदला गेला. तेव्हाचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम, म्हणून तो बकिंगहॅम कालवा. मरीना आणि तिरुवल्लिकेणी यांच्या मधून जाणाऱ्या या पाण्यावरून सरपण, मीठ, धान्य होड्यांतून येई. एका होडीतला माल बैलगाड्यांवर चढवला तर गाड्यांची रांग लागली असती. कूवमच्या मुखावर १८६९ साली नेपियर पूल बांधला गेला. तो लोखंडी होता, आजचा कमानींचा काँक्रीट पूल नंतरचा. जड माल पाण्याने, हलका माल रस्त्याने अशी वाटणी आपोआप झाली होती. कोणाला तराजू लावावा लागला नाही. मरीनाच्या काठावर १८४२च्या सुमारास बांधलेल्या आइस हाउसमध्ये तर अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ ठेवत. वाटेतच वजन कमी करणारा हा एकमेव माल म्हणायचा.

७ मे १८९५ रोजी मद्रासमध्ये विजेची ट्राम धावली. तिचे ओझे रुळांवर बांधलेले होते. ती १९५३ साली बंद पडली. कालवा त्याच्या आगेमागे निरुपयोगी होत गेला, पुढे वादळांनी त्याची दुर्दशा केली आणि अखेर त्याच्याच पात्रात खांब रोवून शहराची उन्नत रेल्वे उभी राहिली. १९९७ साली तिचे तिरुवल्लिकेणी स्थानक सुरू झाले. खालचा कालवा आता नावापुरता आहे. पाण्यावरचे ओझे गेले कुठे? रस्त्यावर.

मोटारी आल्या तेव्हा त्या श्रीमंतांच्या खेळण्यासारख्या होत्या. मद्रासची एमसी-१ ही गाडी पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांची. हेच गृहस्थ गणितज्ञ रामानुजन यांचे वरिष्ठ. रामानुजन १९१२ साली पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झाले आणि त्यांचाही मुक्काम तिरुवल्लिकेणीतच होता. १९१४ साली देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा आला. तो आटोपशीर होता, बहुतेक तपशील प्रांतांनी नियम करून ठरवायचे होते. १९३९च्या कायद्याने मात्र मालमोटारींचे वजन, परवाने, मार्ग हे सगळे बांधून काढले. त्यात वजन करवून घेण्याचा अधिकार कोणाला? राज्य सरकार ज्याला नेमील अशा कोणालाही. सरकारने नेमले तर तो पोलीसही असू शकत होता. १९८८चा नवा कायदा आला, १ जुलै १९८९पासून लागू झाला, तरी हे शब्द तसेच राहिले.

बदल झाला तो १९९४च्या दुरुस्तीने, १४ नोव्हेंबरपासून. कलम ११४मध्ये आता ‘मोटार वाहन खात्याचा, राज्य सरकारने अधिकृत केलेला अधिकारी’ असा नेमका कर्ता आला. पूर्वी तो वजन करवून घेऊ ‘शकत’ होता, आता त्याने ते ‘केलेच पाहिजे’ असे झाले. एका हाताने अधिकार अरुंद केला, दुसऱ्या हाताने तो कर्तव्यात बदलला. संशय आला तर चालकाने गाडी पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर न्यायची. वजन जास्त भरले तर लेखी आदेश देऊन जादा माल तिथेच, चालकाच्या जोखमीवर, उतरवायला लावायचा. तोवर गाडी हलू द्यायची नाही.

दंडही त्याच दुरुस्तीने वाढला: किमान २,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे १,०००. २०१९ साली किमान रक्कम दसपट झाली, २०,०००, आणि टनामागची दुप्पट, २,०००. पाच टन जास्त भरलेल्या ट्रकला पूर्वी ७,००० पडत, आता ३०,००० पडतात. गाडी थांबवायलाच नकार दिला, किंवा काट्यावर चढण्याआधी माल उतरवून टाकला, तर ४०,०००. गंमत अशी की दहा टनांच्या आतल्या चोरीला वजन करू देणेच स्वस्त पडते. कायदा करणाऱ्याने हा हिशेब मुद्दाम केला असेल तर तो हुशार माणूस म्हणावा लागेल.

मग पोलिसांच्या हाती काय राहिले? बरेच राहिले. गणवेशातल्या पोलिसाने हात दाखवला की चालकाने थांबलेच पाहिजे. कागद मागता येतात, नोंदणी किंवा परवाना नसेल तर गाडी अडकवून ठेवता येते. दंड घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार राज्य सरकार अधिसूचना काढून हव्या त्या अधिकाऱ्याला देऊ शकते. आणि कलम ११५ तर शहर पोलिसांचे मुख्य हत्यार. सार्वजनिक सुरक्षेसाठी, सोयीसाठी, किंवा एखाद्या रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे वाहनांवर बंदी घालण्याचा अधिकार त्यात आहे. राज्य सरकार तो दुसऱ्या प्राधिकाऱ्याकडे सोपवू शकते. बंदी महिनाभराचीच असेल तर राजपत्राचीही गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वाहतूक उपायुक्तांचे आदेश वर्तमानपत्रांत येतात, त्यांच्या सुरुवातीला कलम ११५, ११६ आणि गृह खात्याच्या १९९६च्या अधिसूचनेचा उल्लेख असतो, तो याचसाठी.

म्हणजे पोलीस ट्रकला सांगू शकतात: या रस्त्याने येऊ नकोस, या वेळेत येऊ नकोस, इथे थांबू नकोस. फक्त ‘तुझ्यात माल किती, ते काट्यावर दाखव’ एवढे सांगू शकत नाहीत.

वजनाऐवजी घड्याळ वापरण्याची ही युक्ती जुनी आहे. ज्युलियस सीझरच्या काळात रोममध्ये दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालगाड्यांना शहरात बंदी होती. रात्रभर चाकांचा खडखडाट होई आणि झोपमोडीच्या तक्रारी येत. त्याच रोमच्या साम्राज्याने पुढे सरकारी टपालगाड्यांना वजनाच्या मर्यादा घातल्या, हलक्या गाडीला हजार रोमन पौंड, जड गाडीला दीड हजार. पण त्या शहराबाहेरच्या राजमार्गांवर. अख्खी गाडी एकदम तोलणारा तरफांचा काटा इंग्लंडात जॉन वायट याने १७४०च्या दशकात बनवला. तोही टोलनाक्यांच्या कामाला आला, शहराच्या गल्लीबोळांत नाही. काटा वेशीवर आणि घड्याळ आत, ही विभागणी तेव्हापासूनची.

चेन्नईतही तेच चित्र. गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना मुख्य रस्त्यांवर बंदी, रात्री मोकळीक. तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्याला याचा अर्थ ठाऊक असतो: दिवसा हॉर्न, रात्री डिझेलची घरघर. २०१९च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि गल्लोगल्ली टँकरची वाट पाहिली जाऊ लागली. ९,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच ९ टन असते. त्या दिवसांत टँकर अडवण्याचा सल्ला कोणी पोलिसांना दिला असता, तर त्याला रिकाम्या घागरींनी उत्तर मिळाले असते.

घड्याळानंतर दुसरे हत्यार म्हणजे उंची. तामिळनाडू सरकारने २०१८ साली विनायक चतुर्थीच्या मूर्तींना चौथऱ्यासह दहा फुटांची मर्यादा घातली. मुंबई-पुण्यातल्या मंडळांना ही मर्यादा अपमानास्पद वाटेल! पण तिरुवल्लिकेणीच्या दृष्टीने ती व्यवहार्य आहे. मूर्ती उंच झाली की वाहन मोठे लागते, वाहन मोठे झाले की वळणे अडतात. उंची मोजायला पट्टी पुरते, ती हवालदाराच्याही हाती देता येते. मुंबईत जुन्या पुलांच्या तोंडाशी लोखंडी कमान उभारून अवजड गाड्या रोखतात, तीही वजनाची मर्यादा उंचीने राबवण्याचीच तऱ्हा. मशीद बंदरच्या कर्नाक पुलावर २०१४पासून अवजड वाहनांना मनाई होती आणि २०२२च्या नोव्हेंबरात तो पाडला. त्या मधल्या काळात कमानीखालून जाणाऱ्या बुटक्या पण ठासून भरलेल्या टेंपोला ती कमान काय सांगणार होती?

तिसरे हत्यार आहे ते पोलिसांच्या मताचे आणि त्याचे वजन कधीकधी दगडी पुतळ्यापेक्षाही जास्त भरते. भारती सालै आणि कामराजर सालै जिथे मिळतात तिथे १९६८च्या तमिळ परिषदेच्या वेळी तमिळ महाकाव्याची नायिका कण्णगी हिचा पुतळा उभारला होता. २००१च्या डिसेंबरात एका लॉरीने चौथऱ्याला धडक दिली आणि पुतळा हलवला गेला. त्यावरून राजकारण पेटले. २००६च्या जूनमध्ये सत्ता बदलल्यावर तो परत जागेवर आला. त्याच वर्षी त्याच रस्त्यावर अभिनेते शिवाजी गणेशन यांचा पुतळा बसला. शिवाजी महाराजांची भूमिका केल्यावर पेरियारांनी दिलेले नाव ज्यांनी जन्मभर मिरवले, ते हे गणेशन. हा पुतळा वाहनचालकांची नजर अडवतो, असे वाहतूक पोलिसांनी उच्च न्यायालयात सांगितले आणि २०१७च्या ऑगस्टमध्ये तो अड्यारला स्मारकात गेला. लॉरी तोलता येत नाही, पण नजरेच्या आड येणारा पुतळा हलवता येतो, इतपत पोलिसांचा अधिकार खरा.

झाम बाजारच्या आसपास आणखी एक वाहन फिरते, ज्याच्यापुढे सगळे कायदे थकतात. मीन बाडी वंडी. जुन्या मोटरसायकलचे इंजिन तीनचाकी हातगाडीला जोडायचे आणि मागे फळ्यांचा हौदा ठेवायचा. मासळीवाल्यांनी सुरू केलेली ही गाडी आता लोखंडी सळ्यांपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळे नेते. तिची नोंदणी नाही, म्हणून नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले कमाल वजन नाही, म्हणून वजनाची मर्यादा मोडली असे म्हणता येत नाही. पोलीस तिला बेकायदा वाहन म्हणून जप्त करू शकतात, करतातही. पण गरिबाच्या पोटावर पाय येतो म्हणून मोहिमा थंडावतात आणि गाड्या पुन्हा दिसू लागतात. टाटा मोटर्सने २००५ साली काढलेल्या छोट्या हत्तीने देशभर अशा जुगाडांची बरीच जागा घेतली. तमिळ लोकही त्याला हत्तीचे पिल्लूच म्हणतात. चेन्नईतली मीन बाडी मात्र टिकून राहिली.

या सगळ्या गुंत्यातला सर्वांत नवलाचा तपशील बैलगाडीचा आहे. ओढकाम करणाऱ्या जनावरांच्या छळाविरुद्धचे १९६५चे केंद्रीय नियम आजही आहेत. मोठ्या बैलांच्या दुचाकी गाडीला बॉल बेअरिंग असेल तर १,८०० किलो, हवेचे टायर असतील तर १,३५०, दोन्ही नसेल तर ९००, असे त्यांत लिहिलेले आहे. खडा चढ असेल तर मर्यादा निम्मी. आणि संशय आला तर हवालदाराच्या वरच्या हुद्द्याचा कोणताही पोलीस अधिकारी गाडी जवळच्या काट्यावर न्यायला लावू शकतो, वजन करून लेखी टिपण देऊ शकतो. म्हणजे आइस हाउस ठाण्याचा उपनिरीक्षक बैलगाडी तोलू शकतो, ट्रक नाही. बैलाच्या पाठीची काळजी पोलिसांवर सोपवली आणि रस्त्याच्या पाठीची परिवहन खात्यावर. तिरुवल्लिकेणीत बैलगाडी आता शोधावी लागेल.

रस्त्याची पाठ कशी मोडते याचे गणित १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा इथे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून काढले गेले. नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट. आपल्या सरकारने २०१८ साली चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली आणि दोन आसांच्या ट्रकचे कमाल वजन १६.२वरून १८.५ टनांवर. त्याच नियमाने हिशेब केला तर एका आसाच्या एका फेरीमागे नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, तेही पूर्ण कायदेशीर राहून. जे ओझे काल गुन्हा होते ते आज नियमात बसले आणि शहरातल्या जुन्या गल्ल्यांच्या खडीला मात्र कोणी कळवले नाही.

राज्ये यात निर्दोष नव्हती. काही राज्यांनी ठराविक रक्कम भरून घेऊन जादा भरलेल्या गाड्या पुढे सोडण्याचे पास काढले होते. परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे बंद केले. दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येणार नाही, तो उतरवलाच पाहिजे. न्यायालयाचे हे म्हणणे महामार्गावर पाळता येते. तिरुवल्लिकेणीच्या बिग स्ट्रीटवर तीन टन वाळू उतरवायची कुठे?

पोलिसांना तोलण्याचा अधिकार द्यावा का, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. प्रत्येक चौकात काटा म्हणजे प्रत्येक चौकात नवा नाका, पेद्दनायकाचा वाटा पुन्हा सुरू, ही भीती खोटी नाही. १९९४ साली अधिकार एकाच खात्याकडे बांधण्यामागे तशीच शंका असावी. पण आजची पद्धत काही वेगळे करत नाही. ज्याच्याकडे काटा नाही तो डोळ्यांनी तोलतो, आणि डोळ्यांनी तोललेल्या वजनाची पावती निघत नाही. काट्याची निघते. वैधमापन खात्याने तपासलेल्या काट्याच्या पावतीवर वेळ असते, आकडा असतो, गाडीचा क्रमांक असतो. ऊसवाहतुकीच्या हंगामात काटामारीवरून भांडणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला पावतीची ही किंमत शिकवावी लागत नाही.

महाराष्ट्रात परिवहन खात्याची वायुवेग पथके आहेत, तामिळनाडूत मोटार वाहन निरीक्षक आहेत. पण ते महामार्गावर, बंदराच्या तोंडाशी आणि तपासणी नाक्यांवर विखुरलेले. रात्री दोन वाजता भारती सालैवर जो माणूस हजर असतो तो पोलिसांचा. चाकाखाली ठेवायचे फिरते काटे आता मिळतात. त्यांना गल्लीत नेता येते.

यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहत बसायचीही गरज नाही. यांत्रिक वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत ३५व्या क्रमांकावर आहे. कलम ११४मध्ये ‘मोटार वाहन खात्याचा अधिकारी’ या शब्दांपुढे ‘किंवा उपनिरीक्षकाच्या दर्जापेक्षा कमी नसलेला पोलीस अधिकारी’ एवढी भर घालणारी दुरुस्ती तामिळनाडूची विधानसभा करू शकते, महाराष्ट्राचे विधिमंडळही करू शकते. राष्ट्रपतींची संमती लागेल. सोबत एक अटही घालावी: छापील पावतीशिवाय एक रुपयाही दंड घेता येणार नाही.